मित्रांबरोबर कॉम्रेड्सला : वाचकांचे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन शहरांमध्ये धावली जाणारी कॉम्रेड्स मॅरेथॉन ही जगातील सर्वांत जुनी अल्ट्रा मॅरेथॉन, म्हणजे 42 किलोमीटरच्या मॅरेथॉनहून लांब शर्यत. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ विक क्लॅपहॅम यांनी 24 मे 1921 रोजी ती सुरू केली. तेव्हा 34 जण धावले आणि 16 जणांनी शर्यत पूर्ण केली. आता ती बहुधा जूनमध्ये होते, अंतर 86 ते 90 किलोमीटर आणि मुदत 12 तास. सातारा, पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिक इथून दरवर्षी गटागटाने लोक जातात. गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र पुढच्या वर्षी जाणार आहोत. चौघांची मुंबई मॅरेथॉन साडेचारच्या आत झाली, एकाला 4:58 लागले. सर्वांची तिकिटे आत्ताच काढली तर स्वस्त पडतात. काढावीत का? (सातारा)

पाचव्याचे तिकीट काढू नका. कॉम्रेड्सच्या प्रवेशासाठी मॅरेथॉनची पात्रता वेळ सध्या 4 तास 50 मिनिटे आहे. 4:58 म्हणजे नापास, मग त्या दिवशी कितीही ऊन असो. पात्रतेची शर्यत मोजलेल्या मार्गाची आणि निकाल जाहीर होणारी हवी. सातारा हिल मॅरेथॉन कितीही अवघड असली तरी ती 21 किलोमीटरची, ती इथे धरत नाहीत. पात्रतेची मुदत साधारण एप्रिल-मेपर्यंत असते, नेमकी तारीख दरवर्षी संयोजकांच्या नियमावलीत बघावी. म्हणजे तुमच्या मित्राच्या हातात फेब्रुवारी-मार्चमधली एखादी सपाट मॅरेथॉन आहे. 4:50 साठी किलोमीटरला 6 मिनिटे 52 सेकंद लागतात. त्याने 6:45 धरून सराव करावा, कारण वळणांवर आणि पाण्याच्या टेबलांपाशी घड्याळातले अंतर दोन-चारशे मीटरने जास्तच भरते.

दोन गोष्टींत लोक हमखास अडकतात. एक, प्रवेशाचे शुल्क भरले म्हणजे झाले असे वाटते. पात्रता मुदतीत नोंदवली नाही तर प्रवेश रद्द होतो, आणि शुल्क परत मिळणार नाही असे धरूनच चालावे. दुसरी, नाव. इथल्या शर्यतीत 'बाळू' किंवा फक्त पहिले नाव टाकून धावलात आणि पासपोर्टवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव असेल, तर निकाल तुमचाच आहे हे पटवून देण्यात पंधरा दिवस जातात. पात्रतेच्या शर्यतीची नोंदणी पासपोर्टवरच्या नावानेच करा.

प्रश्न : व्हिसा गटाचा एकत्र मिळतो का? आणि पिवळ्या तापाची लस खरोखर लागते का? (कोल्हापूर)

अर्ज एकाच दिवशी देता येतात, पण प्रत्येकाची फाइल स्वतंत्र तपासली जाते. एकाला मिळाला आणि दुसऱ्याला उशीर झाला, असे एकाच गटात घडते. शर्यतीच्या दोन महिने आधी अर्ज द्या. त्या काळात पासपोर्ट व्हिसा केंद्राकडे अडकतो, हेही लक्षात असू द्या.

गटाच्या फाइलीत एक चूक वारंवार दिसते. एक जण आपल्या कार्डावरून सगळ्यांची हॉटेल आणि विमानाची बुकिंग करतो. हॉटेलच्या कागदावर त्या एकाचेच नाव, बाकीच्यांच्या फाइलीत मात्र राहण्याची सोय कोरी. बुकिंगवर सगळ्यांची नावे घालून घ्या, आणि पैसे कोणी भरले व ते कसे वाटून घेतले हे प्रत्येकाच्या अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा. शर्यतीत प्रवेश मिळाल्याचा कागद, बँकेचे शिक्का मारलेले तीन महिन्यांचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे आणि नोकरी असल्यास रजेचे पत्र जोडा. पासपोर्टवर दोन कोरी पाने हवीत.

लस तुम्ही कोणत्या वाटेने जाता यावर आहे. दुबई किंवा दोहामार्गे जाणाऱ्याला लागत नाही. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त असते, पण इथिओपिया आणि केनिया पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर 12 तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिकेत प्रमाणपत्र मागतात. तुमचे विमान बदलायचे अंतर तीनच तासांचे असेल हो, पण ते विमान चुकले तर? शिवाय परतीच्या वेळी आपल्याकडचे आरोग्य अधिकारीही लशीच्या प्रमाणपत्राच्या त्या पिवळ्या पुस्तिकेबद्दल विचारू शकतात. त्या वाटेने जायचे असेल तर लस घेऊन टाका. सरकारमान्य केंद्रातच ती मिळते, प्रवासाआधी किमान 10 दिवस घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. लशीनंतर एक-दोन दिवस अंगात कणकण राहू शकते, म्हणून सर्वांत मोठ्या लाँग रनच्या आठवड्यात ती घेऊ नये.

प्रश्न : 'अप' आणि 'डाउन' यांत पहिल्यांदा जाणाऱ्याने काय निवडावे? राहायचे कुठे? (नाशिक)

निवड तुमच्या हातात नसते. दिशा साधारण एक वर्षाआड बदलते. अप म्हणजे डर्बनच्या समुद्रसपाटीवरून सुमारे 650 मीटर उंचीच्या पीटरमॅरित्झबर्गला, डाउन म्हणजे तिथून खाली. डाउनचे अंतर दोन-चार किलोमीटर जास्त भरते. सगळ्यात उंच जागा उमलास रोड, समुद्रसपाटीपासून सुमारे 870 मीटर. मोठे चढ पाच : काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल, इंचांगा आणि पॉली शॉर्ट्स. अप असताना पॉली शॉर्ट्स येते तेव्हा शेवटचे साधारण 8 किलोमीटर उरलेले असतात. जेमतेम दोन किलोमीटरचा चढ आहे, पण पुढे असलेले बहुतेक लोकही तिथे चालताना दिसतात.

डाउन सोपी, हा मोठा गैरसमज. फुप्फुसांना ती सोपी, मांड्यांना नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, म्हणून त्याचे धागे फार लवकर दुखावतात. इंचांगा, बोथाज ओलांडून 65-70 किलोमीटरनंतर फील्ड्स हिलचा तीन किलोमीटरचा तीव्र उतार लागतो. ज्यांनी उताराचा सराव केलेला नसतो ते इथून पुढे कठड्याला धरून जिना उतरावा तसे उतरतात.

राहायला दोन्ही वर्षी डर्बनच सोयीचे. नोंदणी आणि बिबचे (छातीवर लावायच्या क्रमांकाचे) वाटप तिथे असते, हॉटेले समुद्रकिनाऱ्यालगत आहेत. अप असेल तर सिटी हॉलपर्यंत पहाटे गटाने चालत जाता येईल अशी जागा बघा, आणि शर्यतीनंतर परतीच्या बसचे आधीच ठरवा. डाउन असेल तर रात्री दोन-तीनच्या सुमाराला डर्बनहून बस सुटतात. तासाभराचा प्रवास, पण पुढे रस्ते बंद होत जातात, त्यामुळे शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका. संयोजकांच्या बसची जागा प्रवेशासोबतच घ्या. जूनमध्ये तिथे हिवाळा असतो. पीटरमॅरित्झबर्गला पहाटे पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो आणि गटात उभे राहून तास काढावा लागतो. टाकून देता येईल असा जुना स्वेटर अंगात घाला, वरून कचऱ्याची मोठी काळी पिशवी, डोके आणि हात जाण्यापुरती कापून. दुपारी डर्बनला तापमान पंचविशीच्या आसपास असते, तेव्हा टोपी लागते.

प्रश्न : आमचा सराव नेमका एप्रिल-मेमध्ये टिपेला येणार. या उन्हात 50 किलोमीटर कसे धावायचे? (ठाणे)

पहाटे शक्य तितक्या लवकर सुरू करून ऊन चढायच्या आत संपवायचे. दुसरा उपाय नाही. जानेवारी ते मेअखेर मिळून 1000 ते 1200 किलोमीटर झाले तर 12 तासांत पूर्ण करण्याइतकी तयारी होते. सर्वांत लांब रन 55 ते 60 किलोमीटरचा, शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी, एकदाच. दर रविवारी 50 करणारे मे महिन्यातच नडगीच्या हाडाचे एमआरआय काढत बसतात.

तुम्हाला येऊर जवळ आहे, पुणेकरांना बोपदेव आणि सिंहगड, सातारकरांना तर दारातच यवतेश्वर. मुद्दा असा की आपल्याकडचे धावणारे घाट चढतात आणि खाली गाडीने किंवा चालत येतात. कॉम्रेड्ससाठी, विशेषतः डाउनसाठी, उतरणेही धावत झाले पाहिजे. फेब्रुवारीत दोन किलोमीटर उतारापासून सुरुवात करा, दर पंधरा दिवसांनी एकेक किलोमीटर वाढवा. पावले लहान, टाच पुढे आपटायची नाही. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या किमान चार आठवडे आधी. बूट सरावातलेच, अर्धा नंबर मोठे. नखे शर्यतीच्या पाच-सहा दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

प्रश्न : आम्ही चौघे वर्षभर एकत्र सराव करतो. एकत्र धावून हातात हात घालून शर्यत संपवायची असे ठरले आहे. वेगात थोडा फरक आहे. जमेल ना? (पुणे)

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम. पात्रतेच्या वेळेनुसार प्रत्येकाला सुरुवातीच्या रेषेमागे उभे राहण्यासाठी अक्षराचा (A, B, C असा) गट मिळतो. वेगवान माणूस मागच्या गटात जाऊन उभा राहू शकतो, हळू माणूस पुढच्या गटात जाऊ शकत नाही. म्हणजे एकत्र सुरुवात करायची तर सगळ्यांनी सर्वांत हळू मित्राच्या गटात उभे राहायचे. इथे वेळ बंदुकीपासून मोजतात, तुम्ही रेषा ओलांडली तेव्हापासून नाही. मागे उभे राहण्यात गेलेली मिनिटे तुमच्याच बारा तासांतून जातात. तुमच्या गटासाठी बंदूक किती वाजता, हे त्या वर्षीच्या सूचनांत नीट वाचा.

आता हिशेब. 90 किलोमीटरला 12 तास म्हणजे किलोमीटरला बरोबर 8 मिनिटे, थांबे धरून. वाटेत चाळीसहून अधिक पाण्याची टेबले आहेत. प्रत्येक ठिकाणी वीस सेकंद गेले तर 13 मिनिटे तिथेच संपली. लघवीचे दोन थांबे, बुटातला खडा, मालिश, फोटो. म्हणून धावण्याचा बेत 11:30 चा, म्हणजे किलोमीटरला 7:40 चा हवा. तुमच्यातला एक किलोमीटरला 30 सेकंदांनी मागे पडला आणि तिघे त्याच्यासोबत राहिले, तर 45 किलोमीटरमध्ये साडेबावीस मिनिटे जातात. हाताशी होती ती अर्ध्या तासाची सवड बहुतेक संपली. आणि चौघांना एकाच वेळी शौचाला जावे लागत नाही. एकाचे चार मिनिटांचे काम चौघांची चार मिनिटे खाते. मग दुसऱ्याची पाळी.

थांबणाऱ्याचेही नुकसान होते. स्वतःच्या लयीपेक्षा फार हळू धावल्याने पाय जास्त वेळ जमिनीवर राहतो आणि मांड्या लवकर भरून येतात. मागे पडलेल्याचे तर विचारूच नका. मित्र आपल्यासाठी थांबलेत या ओझ्याने तो आपल्या दमापेक्षा जास्त वेगाने धावतो आणि साठाव्या किलोमीटरला बसतो.

वाटेत ठरावीक ठिकाणी कट-ऑफ असतात, तिथे उशीर झाला की बाजूला घेतात. बारा तास भरले की शेवटी एक मानकरी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. रेषेच्या एक पाऊल मागे असलेल्यालाही पदक नाही. दोघे रेषेपाशी तिसऱ्याला ओढत आणताहेत आणि बंदूक वाजली, मग तिघेही बाद, हे दृश्य तिथे दरवर्षी दिसते.

आमचा सल्ला असा. ड्रमंड हे गाव साधारण मध्यावर आहे. तिथपर्यंत सोबत राहायचे आणि तिथून प्रत्येक जण मोकळा, हे घरून निघण्याआधी तोंडाने बोलून ठरवा. ड्रमंडला 5 तास 45 मिनिटांच्या आत पोचलात तर पुढच्या अर्ध्यासाठी सव्वासहा तास उरतात. त्याआधीही कोणी म्हणाला 'तुम्ही व्हा पुढे', तर एकदाच विचारायचे आणि निघायचे. वाद घालायला तिथे वेळ नसतो. ज्याला सोबत हवीच आहे त्याने तिथली 'बस' धरावी. बस म्हणजे एखाद्या अनुभवी धावपटूने ठरलेल्या वेळेसाठी चालवलेला घोळका. त्याचा 'ड्रायव्हर' केव्हा चालायचे, केव्हा धावायचे हे ओरडून सांगतो, घोळका गातो. मात्र मोठ्या बसमध्ये पाण्याच्या टेबलावर चेंगराचेंगरी होते, म्हणून कडेला राहा.

हातात हात घालायची हौस आदल्या दिवशी समुद्रावर भागवून घ्या, फोटोही चांगले येतात.

प्रश्न : वाटेत खायला काय मिळते? इथून काय न्यावे? शाकाहारी आहे. (डोंबिवली)

मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळी, संत्र्याच्या फोडी, कोला, पाणी आणि एनर्जी ड्रिंक. शाकाहाऱ्याची अजिबात अडचण नाही. अडचण होते ती पाण्याच्या पिशव्यांची. तिथे पेला देत नाहीत, मुठीत मावेल अशी सीलबंद प्लास्टिकची पिशवी देतात. कोपरा दातांनी तोडायचा आणि दाबत प्यायचे. पहिल्यांदा जाणारा मधोमध चावतो आणि सगळे पाणी छातीवर घेतो. थंडीत पहाटे ते महागात पडते. इथे दुधाच्या छोट्या पिशवीत पाणी भरून एक-दोनदा करून बघा, हसू आले तरी. रिकाम्या पिशव्या डांबरावर पसरलेल्या असतात आणि त्यांवरून पाय सटकतो, म्हणून टेबलाच्या पुढचे पन्नास मीटर नजर खाली. एक पिशवी हातात ठेवून पुढे न्या, मान आणि डोके भिजवायला कामी येते.

तासाला 40 ते 60 ग्रॅम कर्बोदके धरा. एका जेलमध्ये (धावताना चोखायच्या गोड, घट्ट पाकाच्या पुडीत) 22 ते 25 ग्रॅम असतात. साडेअकरा तासांना 45 ग्रॅमने 500 ग्रॅमच्या वर लागतात. सगळे जेलमधून घ्यायचे तर वीसहून जास्त होतील आणि पोट बंड करेल. दहा जेल न्या, बाकी बटाटा, केळे आणि शेवटच्या तीस किलोमीटरला कोला. जेल विमानात द्रव पदार्थ धरतात, त्यामुळे ते चेक-इन बॅगेत. बूट, धावण्याचे कपडे आणि पासपोर्ट मात्र हातातल्या बॅगेत. बॅग उशिरा आली तर जेल डर्बनमध्ये मिळतील, तुमच्या पायाला बसलेले बूट मिळणार नाहीत.

सोबत ताजी फळे, दुधाचे पदार्थ, सुटे धान्य नेऊ नका. डर्बनमध्ये भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात, तांदूळ, तूरडाळ, हळद, हिंग सगळे मिळते. स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्या आणि आदल्या दिवशी दुपारी मऊ खिचडी करा. पावाचा गर काढून आत रस्सा भरलेला 'बनी चाऊ' तिथली खासियत आहे, तो शर्यतीनंतर. मसाला तिखट असतो.

प्रश्न : गुडघा दुखतो. शर्यतीत वेदनाशामक गोळी खिशात ठेवू का? (सांगली)

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची गोळी अजिबात नको. घाम गेलेल्या शरीरात मूत्रपिंडाकडे रक्त आधीच कमी जाते, त्यात ही गोळी आणखी कमी करते. स्नायूंतून सुटलेली घाण गाळायची ती वेळ आणि नेमकी तेव्हाच गाळणी बंद. जोडीला भीतीपोटी प्यायलेले जास्तीचे पाणी आले की रक्तातले सोडियम उतरते. हा धोका वैद्यकाच्या ध्यानात आणून देणारा टिमथी नोक्स यांचा 1985 चा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचाच होता. तहान लागेल तेवढेच प्या. शर्यतीनंतर अंगठ्या घट्ट झाल्या, डोके दुखते, मळमळते, तर आणखी पाणी न पिता वैद्यकीय तंबूत जा. लघवी कोलासारखी काळपट झाली तरी तेच. आणि आत्ताच दुखणाऱ्या गुडघ्याला आत्ताच डॉक्टर दाखवा.

प्रश्न : आमच्या दोघांच्या बायका सोबत येणार आहेत. त्या शर्यतीत कुठे उभ्या राहतील? (पुणे)

गाडीने मागे मागे फिरणे विसरा, रस्ते बंद असतात आणि जागोजागी कोंडी होते. एकदा वाटेत आणि एकदा शेवटी, एवढेच जमते. बहुतेकांनी थेट समाप्तीच्या मैदानात जावे. परदेशी धावपटूंसाठी तिथे वेगळा तंबू असतो. भेटण्याची जागा आदल्या दिवशी खुणेसकट ठरवा, कारण गर्दीत फोन लागत नाहीत. आदल्या दिवशी वेळ असला तर पीटरमॅरित्झबर्गचे रेल्वे स्थानक बघावे, 7 जून 1893 रोजी गांधीजींना गाडीतून उतरवले ते हेच. अंधार पडल्यावर डर्बनमध्ये पायी फिरू नये, ॲपवरची टॅक्सी दारापर्यंत बोलवावी. सकाळचे हलके धावणे किनाऱ्यावर, उजाडल्यावर, चौघांनी मिळून.

प्रश्न : घड्याळ, फोन चार्ज करायला कोणता अडॅप्टर? (अहिल्यानगर)

आपल्या गीझरचा जाड तीन गोल पायांचा 15 अँपिअरचा प्लग असतो, तसेच सॉकेट तिथे सर्रास असते. इलेक्ट्रिकच्या दुकानात 5 चे 15 करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या. विमानतळावरचा 'सगळ्या जगाचा' अडॅप्टर बरेचदा नेमका तिथेच बसत नाही.

प्रश्न : परतीचे तिकीट दुसऱ्याच दिवशीचे घेतले तर चालेल का? आणि विम्याचे काय? (छत्रपती संभाजीनगर)

दोन रात्री मध्ये ठेवा. सुजलेल्या पायांनी आणि कोरड्या पडलेल्या शरीराने दहा-बारा तास बसून राहिले तर पोटरीत रक्ताची गाठ होण्याची भीती असते. ये-जा करायच्या वाटेलगतची खुर्ची घ्या, तासाला उठा. विमा काढताना 'साहसी खेळ' आणि 'स्पर्धा' ही वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. काही पॉलिसी शर्यतीत झालेली इजा धरत नाहीत, तसे असेल तर कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. क्रुगरच्या जंगलात जाणार असाल तर हिवतापाच्या गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, डर्बनच्या मार्गावर ती गरज नाही.

आणखी एक. पहिल्या दोन शर्यती लागोपाठच्या वर्षी पूर्ण केल्या तर 'बॅक टू बॅक' हे जादा पदक मिळते, आणि ही संधी एकदाच असते. पदक खिशात हरवेल इतके लहान आहे, पण गटातले दोघे तरी परतीच्या विमानातच पुढच्या वर्षाची भाषा सुरू करतात. व्हिसाच्या फाइलीतले कागद फेकू नका.